देवधर्माचे नेहमीचे प्रश्न, वऱ्हाडातल्या एका गावातून

भागवत सप्ताह असो, गणपती असो की मारोतीच्या पारावरची संध्याकाळची बैठक, काही प्रश्न ठरलेलेच असतात. पुण्याला शिकायला गेलेली पोरं सुट्टीत येऊन विचारतात, नव्या सुना दबक्या आवाजात विचारतात आणि आता व्हॉट्सॲपवर काही आलं की म्हातारे पण मोबाईल पुढं करून म्हणतात, "हे खरं हाय का रे बावा?" म्हणून सगळं एका जागी, गावातल्या मंडळाच्या पानावर, लिहून ठेवलं. मी शास्त्री नाही, मंडळाचा हिशोब अन् सप्ताहाचा माईक पाहणारा माणूस आहे, पण वाचतो आणि जाणत्याला विचारून घेतो. एक आधीच सांगून ठेवतो. पोथीत काय आहे, गावात काय चालत आलंय आणि कोणीतरी भीती घालून काय चिकटवलंय, हे तीन वेगवेगळे हिशोब आहेत. आपली निम्मी भांडणं तिसऱ्याला पहिलं समजल्यामुळं होतात.

खरंच ३३ कोटी देव हायेत का?

हा प्रश्न आपल्यालाच पडला असं नाही. बृहदारण्यक उपनिषदात शाकल्य नावाचा पंडित याज्ञवल्क्याला हेच विचारतो, देव किती? याज्ञवल्क्य आधी सांगतो ३३०६. शाकल्य काही पिच्छा सोडत नाही, बरं पण खरे किती, मग उत्तर येतं ३३, परत विचारलं तर ६, मग ३, मग २, मग दीड आणि शेवटी १. ते ३३ कोण तेही सांगितलंय, ८ वसू, ११ रुद्र, १२ आदित्य, इंद्र आणि प्रजापती. आणि दीड देव कोण? तर वारा. मला हा दीडवाला भाग लय आवडतो, कारण एवढ्या गंभीर चर्चेत कोणी दीड म्हणेल असं वाटत नाही.

आता गावातले मोजायला बसलात तर वेशीवर मारोती, पलीकडं मातामाय, नदीवर सातीआसरा, धुऱ्यावर म्हसोबा, पिंपळावर मुंजा, अन् प्रत्येक घराचं कुलदैवत वेगळं, कोणाची माहूरची रेणुका तर कोणाचा खंडोबा. एवढे देव असून माणूस अडचणीत "देवा" असंच म्हणतो, नाव घेत नाही. पुष्कळ रूपं अन् आत एकच, ही समजूत शिकवावी लागत नाही. अर्थात सगळे संप्रदाय असं मानतातच असंही नाही, काहींसाठी त्यांचा देव तोच खरा.

म्हणजे दगडाची पूजा करता ना शेवटी?

सत्यनारायणाच्या पूजेत जरा लक्ष देऊन पाहा. भटजी तांदळावर एक सुपारी ठेवतात, मंत्र म्हणतात, तिला गणपती म्हणून हळदकुंकू, दूर्वा, गुळाचा नैवेद्य सगळं होतं. पूजा आटोपली की अक्षता टाकून देवाला सांगतात, आता आपल्या ठिकाणी जा, परत या. ती सुपारी परत सुपारी होते. मातीच्या गणपतीचंही तेच, प्राणप्रतिष्ठा केली तवापासून देव आणि उत्तरपूजा झाली की माती, म्हणून तर त्याला पाण्यात सोडता येतो. देव तिथं बोलावला जातो, वस्तू म्हणजे देव नव्हे. देवळातल्या मूर्तीचं थोडं वेगळं, तिथं तो कायमचा बोलावलेला असतो म्हणून रोज आंघोळ, नैवेद्य, शेजारती.

आणि ज्याला मूर्ती नकोच त्याच्यासाठी पण आपल्याकडं रस्ता आहे. मोझरीला तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात सामुदायिक प्रार्थनेला जाऊन बसा.

आपला एक धर्मग्रंथ कोणता? कोणी स्थापन केला?

स्थापन करणारा कोणी एक नाही, तारीख नाही. ग्रंथ विचाराल तर वेद ४, पुराणं १८, गीतेचे श्लोक ७००, पण गावात वेद उघडून पाहिलेला माणूस सापडायचा नाही. गावाचा धर्म हरिपाठावर, भजनावर आणि आजीच्या कहाण्यांवर चालतो. ते कमी दर्जाचं आहे असं समजू नका.

वारकरी, महानुभाव, गोंड हे सगळे एकच का?

नाही. वारकऱ्याचा पांडुरंग, तुळशीची माळ, एकादशी. महानुभाव पंथ चक्रधर स्वामींचा, तेराव्या शतकातला, त्यांचं मोठं स्थान आपल्या अमरावती जिल्ह्यातलं रिद्धपूर. ते पंचकृष्ण म्हणजे परमेश्वराचे पाच अवतार मानतात, बाकी देवतांची पूजा करत नाहीत, म्हणून तुमचा महानुभाव शेजारी मातामायच्या पूजेला येत नसेल तर राग धरू नका, ती त्याची निष्ठा आहे. गोंड लोकांचं पेन म्हणजे देव, सल्ला-गांगरा म्हणजे सृष्टीतली नर-मादी शक्तींची जोडी, त्यांची गोत्रं, हे सगळं स्वतंत्र आहे. त्यांच्यातले बरेच जण आता स्पष्ट सांगतात की आम्ही हिंदू नाही, आमचा कोया पुनेम, म्हणजे गोंडी धर्म, वेगळा. काही कुटुंबं दोन्ही करतात. ज्याचं त्यानं सांगावं, आपण परस्पर ठरवू नये.

मुलताईच्या पाहुण्यांचा श्रावण आपल्या आधी पंधरा दिवस कसा सुरू होते?

वरुड-मोर्शीकडं हा प्रश्न दरसाली येतो, सोयरीक तिकडं मध्यप्रदेशात असल्यामुळं. आपला महिना अमावस्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. म्हणून वद्य पंधरवड्याला दोघांकडं नाव वेगळं पडतं. आपली जन्माष्टमी श्रावणात, त्यांची भादव्यात, पण दिवस तोच, चंद्र तोच. सण चुकत नाही, फक्त श्रावण सोमवार मोजताना गडबड होते. सून तिकडची असली तर कोणते सोमवार धरायचे हे घरात आधी ठरवून घ्या, नाहीतर दीड महिना उपासच.

सगळे हिंदू शाकाहारी असतात ना?

पोळ्याच्या करीला, म्हणजे दुसऱ्या दिवशी, गावात फिरा, मसाल्याचा वास सांगेल. श्रावणात न खाणारे बरेच, माळकरी आयुष्यभर न खाणारे, बाकी घराघराचं वेगळं. खाणारा कमी हिंदू नाही अन् न खाणाऱ्यानं नाक मुरडायचं काम नाही.

उपासाले साबुदाणा चालते पण पोळी काहून चालत नाही?

गंमत अशी आहे की साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो मूळचा दक्षिण अमेरिकेतला. बटाटा तिकडचाच, शेंगदाणा पण तिकडचाच, मिरची मेक्सिकोकडची, सगळे पोर्तुगीजांच्या काळात आलेले. म्हणजे आपल्या उपासाच्या ताटातला सगळ्यात पवित्र पदार्थ, ती साबुदाण्याची उसळ, हिच्यातलं एकही मुख्य सामान ज्ञानेश्वरांच्या काळी इथं नव्हतं. मूळ गोष्ट अन्नधान्य न खाण्याची, शरीराला अन् जिभेला आराम. मग धान्य नाही ते चालतं अशी पळवाट निघाली आणि पळवाटेचाच हायवे झाला. भगर तर सरळ बारीक धान्यच आहे पण तिला कोणी काही म्हणत नाही.

शुगर असेल, गरोदर असाल, गोळ्या चालू असतील तर उपास करू नका, देव हिशोबाला बसलेला नाही. आणि पावसाळ्यात सुटी भगर किंवा भगरीचं पीठ घेताना सांभाळून, बुरशी लागलेली भगर खाऊन उलट्या-चक्कर येऊन लोक दवाखान्यात भरती होतात.

नागपंचमीले नागाले दूध पाजा लागते का?

साप दूध पीत नाही, तो उंदीर-बेडूक खाणारा प्राणी आहे. गारुड्याचा साप तोंड लावतो कारण त्याला कित्येक दिवस उपाशी-तहानेला ठेवलेलं असतं, आणि १९७२ च्या वन्यजीव कायद्यात साप असा धरून फिरवणं गुन्हाच आहे. त्या दिवशी नांगरू नये, खणू नये, वारुळाची पूजा करावी, ही चाल मला समजते, पावसात बिळं भरतात अन् साप वर येतात, तेव्हा एक दिवस त्याच्या वाटेत जाऊ नये. इकडून पचमढीला नागद्वारच्या यात्रेला जाणारे पण लय, तो डोंगर चढणं म्हणजे चेष्टा नाही.

पण ह्या प्रश्नाला जोडून खरं महत्त्वाचं दुसरंच. साप चावला तर मांत्रिकाकडं, मारोतीच्या पाराकडं, कडुनिंबाच्या फांद्यांकडं जायचं नाही. सरळ ग्रामीण रुग्णालय. आपल्याकडचे मुख्य विषारी म्हणजे नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चारही सापांवर एकच अँटीव्हेनम चालतं, साप मारून सोबत न्यायची गरज नाही. चिरा मारू नका, चोखू नका, दोरीनं करकचून बांधू नका, हातपाय हलवू न देता गाडीत टाका अन् निघा. मंत्रानं साप उतरला म्हणून जे सांगतात ते खरं तर बिनविषारी साप चावलेले असतात, किंवा विषारी चावूनही विष टोचलं गेलेलं नसतं. २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू, कुत्रा चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करणं गुन्हा आहे. धर्माच्या विरोधातला कायदा वगैरे काही नाही तो, वारीला, कीर्तनाला, पूजेला त्यात कुठंच बंदी नाही. वाचून पाहा.

पाळीत देवाले शिवलं तर काय होते?

काही होत नाही. हे वाक्य मंडळाच्या पानावर लिहू का नको यावर आमच्यातच वाद झाला, मी लिहितोय.

विटाळाचे नियम स्मृतींमध्ये आहेत हे नाकारून चालत नाही, आहेत. पण त्याच परंपरेत साडेसातशे वर्षांपूर्वी चक्रधर स्वामींनी त्यांच्या शिष्यिणींना सांगितलंय की नाकातून शेंबूड येतो तसा हा देहाचा एक स्राव आहे, त्याचा विटाळ कसला. म्हाइंभटांच्या लीळाचरित्रात हे आलंय, रिद्धपूर आपल्यापासून किती दूर आहे? म्हणजे "आपल्या संस्कृतीत असंच आहे" म्हणणाऱ्यानं आपली संस्कृती अर्धीच वाचली. आता घरातल्या बाईला स्वतःलाच त्या दिवसांत देवघरात जावंसं वाटत नसेल, आराम पाहिजे असेल, तर तो तिचा निर्णय. पण महालक्ष्म्यांच्या तोंडावर पाळी येऊ नये म्हणून पोरी मेडिकलमधून परस्पर गोळ्या आणतात, डॉक्टरला न विचारता, हे थांबलं पाहिजे.

महालक्ष्म्या एखाद्या वर्षी नाही बसवल्या तर कोप होते का?

पहिले समजून घ्या हा काय सण आहे. भादव्यात अनुराधा नक्षत्रावर आवाहन, ज्येष्ठावर पूजन, मूळ नक्षत्रावर विसर्जन, तीन दिवसांचं माहेरपण. दोघी बहिणी, ज्येष्ठा अन् कनिष्ठा, सोबत त्यांची लेकरं. कोठीत धान्य भरून वर मुखवटा बसवायचा, साडी नेसवायची, आणि साडी नेसवताना घरातल्या सगळ्या बायका एकमेकींवर ओरडतात कारण निऱ्या कधीच पहिल्या झटक्यात जमत नाहीत. वर फुलोरा टांगायचा, करंज्या, पापड्या, वेण्या. दारापासून देवघरापर्यंत पावलं काढायची. जेवणात ज्वारीची आंबील पाहिजेच, सोळा भाज्या, कढी, पुरणपोळी, कटाची आमटी. काही घरी तो प्रसाद घराबाहेर जाऊ देत नाहीत, काही घरी गावभर पंगत.

माहेरी आलेली लेक कोप करते का? घरात सुतक असलं, कोणी दवाखान्यात असलं, पैसा नसला तर राहू द्या, किंवा फोटो ठेवून आंबीलीचा नैवेद्य दाखवा. भाऊ-भाऊ वेगळे झाले तर कोणाकडं बसवायच्या हे भांडण आम्ही लय पाहिलंय, एक वर्ष ह्याच्याकडं, एक वर्ष त्याच्याकडं असं करणारी घरं सुखात आहेत.

जातपात धर्मातच हाय, मग हिंदू म्हणजे जात असंच ना?

याचं उत्तर "आमच्या धर्मात जात नाही, ती इंग्रजांनी आणली" असं फॉरवर्डमध्ये मिळेल. ते खरं नाही. मनुस्मृतीत काय लिहिलंय ते उघड आहे, आणि पोथी बाजूला ठेवली तरी गावातल्या विहिरी अन् मसणवटे वेगळे होते ते डोळ्यानं पाहिलेली माणसं अजून जिवंत आहेत. उलट दुसरं टोक, की ह्या धर्मात फक्त जातच आहे, तेही पुरं चित्र नाही, कारण तिच्याविरुद्ध बोलणारे पण ह्याच मातीत, ह्याच देवाचं नाव घेत उभे राहिले.

चोखोबांचं जन्मगाव आपल्या बुलडाणा जिल्ह्यातलं मेहुणाराजा मानतात. पंढरीच्या देवळात त्यांना कधी जाऊ दिलं नाही, समाधी नामदेव पायरीपाशी, बाहेर. आज लाखो वारकरी तिथं माथा टेकवून आत जातात, पण आत जायला जातीचा अडसर निघाला तो १९४७ मध्ये, साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं तेव्हा. मधे सहाशे वर्षं गेली. आपल्या अमरावतीत अंबादेवीच्या मंदिरासाठी १९२७ मध्ये सत्याग्रह उभा राहिला, पंजाबराव देशमुख त्यात होते. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाज यांनी १९२८ मध्ये सगळ्यांना खुलं केलं. आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपूरला बाबासाहेब लाखो लोकांना घेऊन बौद्ध झाले. ते काहून गेले, हे हिंदूंनी स्वतःला विचारायला पाहिजे, गेलेल्यांना विचारून काय उपयोग.

आता गावात मंदिर सगळ्यांना उघडं आहे, कायद्यानंच आहे. पण भंडाऱ्याला वाढपी कोण, स्वयंपाकाला हात कोणाचा, पालखीचा खांदा कोणाचा, इथं पाहिलं की कळतं गाव कुठपर्यंत आलंय.

पीक बुडलं, कर्ज झालं, हे मागच्या जन्माचं कर्म का?

२०१७ ला कपाशीवर गुलाबी बोंडअळी आली तेव्हा ज्यांची बोंडं सडली त्यात माळकरी होते, दारू पिणारे होते, सगळेच होते. अळी माणसाचं पाप पाहून शेतात शिरत नाही. कर्माचा सिद्धांत आपल्याकडं आहे, मोठा आहे, पण गीतेत त्याचा रोख आपण काय करायचं यावर आहे, शेजाऱ्याचं दुःख पाहून त्याचा मागचा जन्म काढण्यावर नाही. ज्या घरात माणूस गेलाय तिथं बसायला जाऊन "नशिबाचे भोग" म्हणू नका. गप बसा, किंवा विम्याचे अन् बँकेचे कागद भरायला मदत करा.

तेरवीले गावजेवण नाही दिलं तर मुक्ती मिळत नाही का?

गाडगेबाबा आयुष्यभर हेच ओरडून सांगत फिरले की देवाधर्मासाठी कर्ज काढू नका. त्यांनी स्वतःच्या मुलीच्या बारशाला दारू-मटणाची रीत मोडून गोड जेवण घातलं, त्या काळात, भावकीच्या नाकावर टिच्चून. श्राद्धाला श्रद्धा लागते अन् तीळ-पाणी पण चालतं, हे भटजीही सांगतील, खासगीत विचारा. आपल्याकडं अक्षय तृतीयेला पितरांच्या नावानं घागर भरून पूजतात, थंड पाण्याची, त्यात खर्च कितीसा? तेरवीचा मंडप, बुंदी, हजार माणसं हा पितरांचा आग्रह नाही, सोयऱ्यांचा आहे. जेवून जाताना भाजीत मीठ कमी होतं म्हणणारे तेच.

मातामायले बकरं कबूल केलं होतं, आता पोरगा नाही म्हणते.

नारळ फोडा, भाकरी-भाजीचा नैवेद्य द्या, लिंबू कापा. कित्येक गावांत असंच बदललंय, मातामाय कुठंच रागावलेली नाही.

अंगात येते ते खरं असते का?

जिच्या अंगात येतं ती बाई बहुतेक वेळा नाटक करत नसते, तिला तेव्हा खरंच काहीतरी होत असतं. देवी की मनावरचा भार, यावर वाद घालण्यापेक्षा एवढं पाहा की घरात एरवी तिचं कोणी ऐकतं का. सारखंच होत असेल, झोप नाही, जेवण नाही, तर जिल्हा रुग्णालयात मनाच्या डॉक्टरला दाखवा. अंगात आलेली व्यक्ती दुसऱ्या बाईकडं बोट दाखवून "हिनं करणी केली" म्हणाली तर मात्र तिथंच थांबवा, तेवढ्यावरून माणसं मारली गेलेली आहेत.

आता बैलच नाहीत, पोळा कशाचा करावा?

आमच्याकडं आता तोरणाखाली जोड्या कमी अन् मोबाईल जास्त. तरी ज्याच्याकडं जोडी आहे तो आदल्या संध्याकाळी खांदेमळणी करतो, जुवानं घट्टे पडलेल्या खांद्यावर लोणी-हळद चोळून पळसाच्या पानानं शेकतो आणि बैलाच्या कानात म्हणतो, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग, बेगड, झूल, मारोतीसमोर रांग, मग झडत्या, म्हणजे पोळ्यातल्या चिमटे काढणाऱ्या ओळी, सुरू, "एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव" म्हणून एकजण सुरुवात करतो आणि नंतर सरपंचापासून सोयाबीनच्या भावापर्यंत सगळ्यांची सालटी निघतात. ट्रॅक्टर धुऊन हार घालून आणला तरी कोणी हाकलत नाही. पोरांचा तान्हा पोळा तर लाकडाच्या बैलावरच होतो, त्याला कोणी खोटा म्हणत नाही.

देव न मानणारा माणूस हिंदू राहू शकते का?

राहू शकतो. सांख्य आणि मीमांसा ही आपली जुनी दर्शनं जग चालवायला ईश्वर लागतोच असं मानत नाहीत, चार्वाक तर वेदांनाच हसायचा. त्याच्याशी वाद झाले, त्याच्यावर टीका झाली, पण तो आपल्यातलाच धरला. गावात असा एक तरी मास्तर असतोच, आरतीला येत नाही पण गणपतीची वर्गणी सगळ्यात पहिले देतो.

दुसऱ्या धर्माचा दोस्त आरतीले आणू का?

आणा ना. प्रसाद पण द्या.

"हा मेसेज ११ जणांले पाठवा नाहीतर वाईट बातमी येईल"

पहिले हेच पोस्टकार्डावर यायचं, देवीच्या नावानं, तवा निदान पोस्टाचा धंदा तरी व्हायचा. पाठवू नका. मंडळाच्या ग्रुपवर टाकला तर ॲडमिन काढून टाकते आणि परत ॲड करायला पन्नास रुपये वर्गणी लागते, पावती मिळेल.